काम थांबलं की सुटणारी गाडी

सोमवार, ६ जानेवारी

काल जेवताना कुंदा म्हणाली, "ऑफिसचं पुराण रोज मले नका सांगू. एक वही आणा अन् तिच्यात लिहा. वही जांभया देत नाही." सूचना वैतागून केलेली असली तरी चांगली आहे. जबाबदार माणसांच्या दैनंदिन्या पुढे कामी येतात. आज बडनेऱ्याला उतरल्यावर ही वही घेतली.

आधी स्वतःची नोंद. मी चिंतामण उमरीकर, कार्यालय अधीक्षक, विभागीय नोंद-दुरुस्ती कार्यालय, अमरावती. मुक्काम अकोला. कुंदा तिथल्या शाळेत शिकवते, त्यामुळे एकोणीस वर्षं मी पॅसेंजरने जाऊन-येऊन नोकरी करतो. आमचं काम लोकांना नीट कळत नाही. एका कागदावर नाव एक आणि दुसऱ्यावर दुसरं लागलं, की एका माणसाचे दोन होतात. आम्ही अर्ज तपासून, 'हे दोघे एकच' असं प्रमाणपत्र देतो. अर्ज तपासायला कारकून आहेत. मी देखरेख करतो.

अकोल्याच्या शाखेत बदली मिळावी हा माझा अर्ज तीन वर्षांपासून साहेबांच्या टेबलावर आहे. साहेब बदलतात, अर्ज तिथेच असतो. आज नवे साहेब रुजू झाले. साने साहेब, पुण्याचे. त्यांनी खोक्यातून सगळ्यात आधी पितळेचं एक लहानसं रेल्वे इंजिन काढून टेबलावर ठेवलं आणि मला विचारलं, "उमरीकर, मूर्तिजापूरची ती छोटी गाडी, शकुंतला, अजून धावते का हो?" मी म्हटलं, नाही साहेब, बंद आहे. साहेबांचा चेहरा उतरला. त्याआधी मी तीनशे बारा अर्ज प्रलंबित असल्याचं सांगितलं होतं, तेव्हा उतरला नव्हता.

परतताना गाडीत विचार करत आलो. प्रत्येक साहेबाची एक कळ असते. सापडली की अर्धी बदली झाली.

गुरुवार, ९ जानेवारी

कळ सापडली.

कुंदाच्या भावाच्या संगणकावर पूर्वी मासे पोहायचे. काम थांबवलं की पडद्यावर मासे. त्याला स्क्रीन सेव्हर म्हणतात. तसा रेल्वेचा मिळतो का म्हणून इंटरनेटवर शोधलं, तर भलताच निघाला. नुसती गाडी धावत नाही, ती आपण चालवायची. बाणाच्या बटणांनी रूळ टाकायचे, माऊसने सांधे बदलायचे, एस दाबला की शिट्टी. डोंगर, बोगदे, फाटक, सगळं.

बसवायला जेबा परवीनला बोलावलं. ही मुलगी दोन वर्षांपूर्वी परीक्षा देऊन लागली. मूर्तिजापूरची आहे, माझ्याच पॅसेंजरने येते. दुरुस्तीचं टेबल तिच्याकडे आहे. संगणकात हुशार, पण बोलण्यात जरा धारदार.

तिने विचारलं, "सर, हे केव्हा सुरू होते?"

"पाच मिनिटं कोणी हात लावला नाही की आपोआप."

"अन् बंद?"

"एस्केप दाबलं की गाडी जाते आणि आपलं काम पडद्यावर येतं."

"म्हणजे कामं बंद पडली की गाडी सुटते."

मी म्हटलं, असं म्हणू नये. ती म्हणाली, बरं.

स्टेशनांची नावं मराठीत टाकली तर नुसते चौकोन उमटत होते. अकोला म्हणजे तीन चौकोन, बडनेरा म्हणजे चार. जेबाने कुठलासा फाँट टाकून दहा मिनिटांत नावं आणली. तिचं कौतुक करणार होतो, पण तोवर ती टेबलाकडे गेली होती. तिथे लोक उभे होते म्हणे.

बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. साहेबांना तिळगूळ दिला आणि त्यांच्याच संगणकावर गाडी दाखवली. दरवाजा लावून साहेब दोन तास आत होते. शिपाई डोमाजी तीनदा चहा घेऊन गेला. बाहेर येऊन म्हणाला, "साहेब आतमंदी शिट्टी वाजवून राहिले."

आज आदेश निघाला. अकराही संगणकांवर गाडी बसवायची. पाच मिनिटं थांबणं साहेबांना फार वाटतं, म्हणून प्रतीक्षा एक मिनिटावर आणायची. प्रत्येक टेबलाला एक स्टेशन. आस्थापना म्हणजे अकोला, आवक-जावक म्हणजे बडनेरा, जेबाचं दुरुस्ती टेबल म्हणजे मूर्तिजापूर. संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या स्टेशनातून किती गाड्या सुटल्या त्याचा आकडा द्यायचा. तक्ता मी केला. शासकीय सेवेतला माझा सर्वात सुबक तक्ता आहे.

कुंदाला सांगायला गेलो. तिने वहीकडे बोट केलं.

बुधवार, २२ जानेवारी

आजची कल्पना सर्वस्वी माझी आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

प्रतीक्षा कक्षात एक मोठा टीव्ही आहे. कोणाचा अर्ज कुठे पोहोचला ते लोकांना दाखवायला घेतला होता. ते कधी दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर लोक चिडले असते. मी साहेबांना सुचवलं की त्यावर गाडी लावावी आणि टेबलाला साखळी बांधून एक कीबोर्ड-माऊस ठेवावा. थांबलेला माणूस स्वतः गाडी चालवेल.

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "उमरीकर, तुम्ही अमरावतीत काय करताय?"

मी म्हटलं, तोच माझा अर्ज आहे साहेब.

दुपारपर्यंत टीव्हीपुढे रांग लागली. खिडकीपाशी तासन् तास हुज्जत घालणारे लोक एकमेकांना सांगू लागले, सांधा बदला, मालगाडी येऊन राहिली. दर्यापूरचे एक निवृत्त गुरुजी मृत्यू दाखल्यातल्या चुकीसाठी चौथ्यांदा आले होते. त्यांनी दोन गाड्या समोरासमोर आणून आपटल्या. धूर निघाला. गुरुजी इतके खूश झाले की खिडकीकडे न येताच घरी गेले.

शुक्रवार, ३१ जानेवारी

तक्रार वहीत गेल्या महिन्यात शहाण्णव तक्रारी होत्या. या आठवड्यात तीन, आणि तिन्ही माऊस नीट चालत नाही अशा. साहेबांनी मुंबईला अहवाल पाठवला. 'प्रतीक्षेचे आनंदात रूपांतर : एक नागरिकस्नेही उपक्रम.' मजकूर माझा, सही त्यांची. लगेच फोन आला. संचालक मॅडम गुरुवार, २० फेब्रुवारीला स्वतः बघायला येणार. साहेब म्हणाले, "ही भेट चांगली झाली की तुमच्या अकोल्याचं बघू."

एकच गालबोट. रोजच्या तक्त्यात मूर्तिजापूर स्टेशनाचा आकडा शून्य. सोळा दिवसांत जेबाच्या संगणकावर एकही गाडी सुटलेली नाही. आवक-जावकवाल्यांच्या रोज चाळीस सुटतात.

तिला विचारलं, "मॅडम, यंत्रणेत बिघाड आहे का?"

ती म्हणाली, "नाही सर. एक मिनिट हात रिकामाच होत नाही."

ही सबब मी नोंदवून घेतली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी अकोल्याहून गाडीत एक माणूस शेजारी बसला. बार्शीटाकळीचा, नाव देवमन. बँडात सनई वाजवतो, लग्नसराईत. माझ्या हातातल्या फायलीवर कार्यालयाचं नाव वाचून त्याने पिशवीच उघडली. अशा वेळी फाईल उलटी धरायची असते, मी विसरलो.

त्याची मुलगी पौर्णिमा नर्सिंग शिकली. सरकारी दवाखान्यात निवड झाली. कागदपत्रं तपासणी नागपूरला २१ फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजता. अडचण अशी की बारावीच्या गुणपत्रिकेवर बापाचं नाव इंग्रजीत लिहिताना मधे 'ओ' टाकला आहे आणि नर्सिंगच्या कागदावर 'व्ही'.

"साहेब, मले इंग्रजी येत नाही जी," तो म्हणाला. "पण पोरगी म्हणते, बाबा, कागदावर तुमी दोन हाय."

मी सांगितलं, अर्ज रीतसर करा. तो म्हणाला, केला, महिना झाला. मी म्हटलं, मग रीतसर थांबा.

मूर्तिजापूरला जेबा चढली. तिने त्याला नावाने ओळखलं. उभ्यानेच कागद पाहिले आणि म्हणाली, "काका, शपथपत्राची एक प्रत कमी हाय. उद्या आणून द्या, बाकी मी पाहते."

अधीक्षकासमोर, गाडीत, परस्पर. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज प्रतीक्षा कक्षात दुपारी बारा वाजता पाच माणसं होती. त्यातला एक उन्हातून सावलीला आलेला.

मी चौकशी केली. जेबाने गेल्या चार आठवड्यांत तीनशे बारापैकी जवळपास सगळे अर्ज निकाली काढले आहेत. लोक प्रमाणपत्र घेतात आणि निघून जातात. नवीन येतात त्यांनाही आठ दिवसांत कागद मिळतो. उरले एकेचाळीस, तेही सोमवारपर्यंत होतील म्हणते.

साहेबांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले. "अहो, मॅडम येतील आणि आपण त्यांना काय दाखवायचं? थांबणाऱ्यांसाठीचा उपक्रम, आणि थांबलेलं कोणीच नाही?"

जेवणाच्या सुट्टीत मी उपाय शोधला आणि चार वाजता आदेश टंकून सहीला ठेवला. 'प्रमाणपत्र वितरणात सुसूत्रता आणण्याच्या दृष्टीने दिनांक १० ते २० फेब्रुवारी या कालावधीत कोणतेही प्रमाणपत्र स्वतंत्रपणे निर्गमित न करता, सर्व लाभार्थ्यांना २० तारखेस सकाळी ११ वाजता एकत्रित पाचारण करण्यात यावे.' पाचारण हा शब्द साहेबांना फार आवडला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोन अप्रिय गोष्टी, दोन्ही समर्थपणे हाताळल्या.

पहिली. जेबाला कारणे दाखवा नोटीस दिली. सव्वीस दिवस गाडीचा आकडा शून्य ठेवून शासकीय उपक्रमाबाबत अनास्था दाखवली, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. तिने नोटीस दोनदा वाचली. पोच म्हणून सही केली आणि म्हणाली, "सर, हिच्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका हायेत." होत्या. पण मुद्दा तो नव्हता.

दुसरी. देवमन मुलीला घेऊन आला. पौर्णिमा अंगाने लहानखुरी, पण नजर सरळ. तिने विचारलं, "सर, माझा अर्ज तयार आहे ना?"

"तयार आहे."

"मग आज द्या."

"वीस तारखेला अकराला. मॅडमच्या हस्ते."

"एकवीसला सकाळी दहाला नागपूरला उभं राहायचं आहे मला. वीसला इथे उशीर झाला, मॅडम आल्याच नाहीत, तर माझ्या जागी यादीतली पुढची घेतील. दोन वर्षांनी ही भरती निघाली आहे."

मी तिला समजावलं की शासनाची भेट ठरलेली असते. तिने फक्त विचारलं, "तुमची गाडी आज किती वाजता आली, सर?" आज पॅसेंजर पन्नास मिनिटं उशिरा होती. हे तिला कसं कळलं कोण जाणे. बहुतेक त्याच गाडीत होती.

देवमन तोवर टीव्हीपुढे बसला होता. मन लावून मालगाडी बोगद्यातून काढत होता. मुलगी त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "चला बाबा." तो म्हणाला, "थांब वं, फाटक उघडं राहिलं."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज मोठं समाधान वाटलं. जेबा सुधारली.

अकरा वाजता मी साहेबांच्या खोलीत होतो. साहेब दोन गाड्यांचं क्रॉसिंग करत होते. बडनेऱ्याला एक लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायची आणि दुसरी सोडायची, फार नाजूक काम. नजर हलवून चालत नाही. जेबा जाड फोल्डर घेऊन आली. साहेब म्हणाले, नंतर. ती म्हणाली, "सर, गाडीची वेळ होऊन राहिली. आत्ता सही नाही झाली तर चुकेल."

साहेब म्हणाले, "मग आणा, आणा. कुठे करायची?" पडदा न सोडता ते सह्या करत गेले, ती पानं उलटत गेली. एकेचाळीस सह्या. मी मोजल्या, सवय आहे. क्रॉसिंगही निर्विघ्न पार पडलं.

नोटिशीचा एवढा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं. रेल्वेच्या कामासाठी ही मुलगी धावपळ करताना मी प्रथमच पाहिली. दुपारी अर्धा दिवस रजा टाकून भरलेली पिशवी घेऊन गेली. मी तिचं अभिनंदन केलं. तिने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. म्हणाली, "थँक्यू सर."

गुरुवार, २० फेब्रुवारी

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

अकरा वाजता एकेचाळीस लाभार्थी यायला हवे होते. आला एकही नाही. फोन लावले. पहिला म्हणाला, मिळालं ना कागद, पोस्टाने. दुसरीही तेच. तिसरा म्हणाला, दुरुस्तीच्या टेबलावरच्या मॅडम स्वतः स्टेशनवर देऊन गेल्या. मी फोन ठेवला. साहेबांना सांगायची हिंमत होईना, आणि संचालक मॅडमची गाडी बडनेरा नाक्यावर आल्याचा निरोप आला.

डोमाजीला म्हटलं, माणसं आण. डोमाजी गुणी आहे. वीस मिनिटांत त्याने कक्ष भरला. तीन ऑटोवाले, रसवंतीवाला, समोरच्या झेरॉक्सवाल्याची सासू पार्वताबाई, आणि कोचिंग क्लास सुटून येणाऱ्या पाच-सहा मुली. मुलींना गाडी फार आवडली.

मॅडम आल्या. साहेबांनी टीव्हीपुढे भाषण केलं. मॅडम पार्वताबाईंजवळ वाकून म्हणाल्या, "आजी, तुमची काय दुरुस्ती आहे?" पार्वताबाई म्हणाल्या, "गुडघे, बाई. पण इथं होते का मले माहीत नाही. डोमाजीनं बसाले सांगतलं."

साहेब हसले. मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

तेवढ्यात दारात देवमन. हातात ओल्या हरभऱ्याची पेंडी. त्याला आज यायचं काहीच कारण नव्हतं. मुलीला नागपूरच्या गाडीत बसवून तो जेबासाठी हरभरा घेऊन आला होता. मॅडमनी विचारलं, तुम्ही कोण? त्याने मोकळ्या मनाने सगळं सांगितलं. बाई, या पोरीनं माह्या पोरीची नोकरी वाचवली. चौदा तारखेले दुपारी मूर्तिजापूर स्टेशनवर माह्या हातात कागद देला.

मॅडमनी भिंतीवर लावलेला माझा आदेश वाचला. दहा ते वीस तारखेपर्यंत कोणतेही प्रमाणपत्र नाही. मग साहेबांना म्हणाल्या, "तुमचाच आदेश, आणि चौदाला तुमचीच सही?"

साहेब पांढरे पडले. म्हणाले, "मॅडम, मी अशा कागदांवर सही केलेलीच नाही. केली असेल तर ती फसवून घेतली असेल."

सगळी माणसं जेबाकडे वळली. ती काम करत होती. अकरा पडद्यांपैकी तेवढ्या एका पडद्यावर गाडी नव्हती. मॅडमनी विचारलं, यांचीच का बंद? मी तत्परतेने नोटिशीची प्रत काढून दिली. मॅडमनी ती उभ्याउभ्या पूर्ण वाचली आणि पर्समध्ये ठेवली. मसुदा आवडला असावा, असं तेव्हा वाटलं होतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

चौकशी लागली. मुंबईहून पत्र आलं. चौदा तारखेच्या एकेचाळीस प्रमाणपत्रांवरच्या सह्या कशा झाल्या? अधीक्षकाने, म्हणजे मी, लेखी निवेदन द्यावं. तोवर ती सगळी प्रमाणपत्रं स्थगित. पौर्णिमाची नागपूरची तपासणी पार पडली आहे, पण रुजू व्हायचा आदेश आता अडकला.

साहेबांनी दार लावून घेतलं. पडद्यावर आज गाडी नव्हती. टेबलावर माझा बदलीचा अर्ज उघडा ठेवला होता, तीन वर्षांत मी तो प्रथमच पाहिला. कडा पिवळ्या पडल्या आहेत.

"उमरीकर, तुम्ही खोलीत होतात. तुम्ही फक्त एवढं लिहायचं की फोल्डरमध्ये काय आहे हे त्या मुलीने लपवलं. तुम्हालाही कळलं नाही, मलाही नाही. प्रमाणपत्रं रद्द होतील, लोक पुन्हा अर्ज करतील, काय बिघडतं? संध्याकाळी तुमच्या अर्जावर मी शिफारस करतो. एक तारखेला तुम्ही अकोल्यात."

मी म्हटलं, विचार करून लिहितो. तसं विचार करण्यासारखं काही नव्हतं. एकोणीस वर्षं पॅसेंजर, आणि आता घरापासून दहा मिनिटांवर टेबल.

परतीच्या गाडीत जेबा पलीकडच्या बाकावर होती. मूर्तिजापूरला उतरताना फक्त म्हणाली, "येते सर."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

घरी निवेदन लिहायला बसलो. 'सदर फोल्डरमध्ये प्रमाणपत्रे आहेत, याची मला कोणतीही कल्पना नव्हती.' लिहिलं आणि कुंदाला वाचून दाखवलं. भाषेबद्दल तिचं मत मी घेतो.

कुंदा वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे तुमच्या नाकाखालून एकेचाळीस कागद गेले अन् तुमाले कळलं नाही, असं तुमी लिहून देऊन राहिले."

"तसं नाही. तसं लिहायचं आहे."

"तेच म्हणते. शिक्का मारून देऊन राहिले की अधीक्षक आंधळा होता. सर्व्हिस बुकात जाईन ते. चांगलं आहे. खरं तर आहेच."

आणि वह्या तपासत राहिली.

मी तो कागद तीनदा वाचला. कोणतीही कल्पना नव्हती. हे वाक्य माझ्या सहीने, माझ्या हुद्द्यासकट, मुंबईच्या फायलीत कायमचं. उद्या कोणी सव्वीस वर्षांचा पोरगा ती फाईल उघडेल आणि म्हणेल, हे उमरीकर कोण मठ्ठ होते? मी प्रत्येक कागदाची हालचाल जाणणारा माणूस आहे. त्या दिवशी एकेचाळीस सह्या मोजणारा मीच होतो.

खरं म्हणजे पौर्णिमाचा चेहराही अधूनमधून डोळ्यांसमोर येत होता. पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्रीची सुट्टी. साबुदाण्याची उसळ होती, निवेदनही झालं. आज थेट मुंबईला ईमेल केलं, साहेबांना प्रत दिली.

'दिनांक १४ फेब्रुवारी रोजी सादर झालेल्या सर्व ४१ प्रमाणपत्रांची मला पूर्ण कल्पना होती. ती माझ्या पूर्वपरवानगीने व देखरेखीखाली सादर झाली. मा. साहेबांनी प्रत्येक कागदावर स्वतः सही केली. त्या मी मोजल्या आहेत. सही करतेवेळी साहेबांची दृष्टी कागदाव्यतिरिक्त अन्यत्र, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील रेल्वेवर होती. जेबा परवीन यांनी माझ्या सूचनेचेच पालन केले.'

एकही शब्द खरा नाही, पण वाचताना किती भारदस्त वाटतं. म्हणजे सह्या मोजल्या तेवढं खरं. आणि रेल्वेचं.

साहेबांनी वाचलं. माझा बदलीचा अर्ज उचलून खणात टाकला आणि खण लावून घेतला. म्हणाले, "उमरीकर, तुम्ही मूर्ख आहात." मी म्हटलं, साहेब, हे तरी लेखी कुठे नाही.

सोमवार, १० मार्च

प्रमाणपत्रांवरची स्थगिती उठली. सह्या वैध. पौर्णिमा पाच तारखेला रुजू झाली. देवमनने फोनवर सनई ऐकवली, पूर्ण ऐकून घ्यावी लागली.

साने साहेबांची बदली पुण्याला. शिक्षा म्हणून झाली असं आमच्याकडे बोलतात. त्यांचं घर तिथेच आहे. त्यांच्या जागी एक मॅडम रुजू झाल्या. मला अकोला नाही. मला एक लेखी समज आली, नोटीस देताना तारतम्य ठेवावं अशी. सगळ्या संगणकांवरून गाडी काढायचा आदेशही आला. आवक-जावकवाले दिवसभर हवालदिल होते. स्वतःचं टेबल पडद्यावर पाहून त्यांना धक्काच बसला.

सकाळी मूर्तिजापूरला जेबा माझ्यासमोर येऊन बसली. कुरुम स्टेशन गेलं. मग म्हणाली, "सर, एक विचारू? तुमाले खरंच माहीत होतं?"

मी म्हटलं, "एकोणीस वर्षं अधीक्षक आहे मी."

"म्हणजे फोल्डरमध्ये काय हाय, तेबी? अन् अर्ज कसे तपासले, तेबी?"

"सगळं. तुला काय वाटतं, देखरेख म्हणजे काय असते?"

तिने मान डोलावली. मग हसली. मला पाहून ती हसल्याचं आठवत नाही. म्हणाली, "मंग बरं झालं, सर. पाच टेबलांचं काम एका टेबलावर येऊन राहिलं. नव्या मॅडमले मी सांगते, निमे अर्ज उमरीकर सर पाहतील. त्यांले सगळं येते."

निवेदन मुंबईत आहे, माझ्या सहीनिशी. नाही कसं म्हणणार?

दुपारी डोमाजी एकोणचाळीस अर्ज माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी पहिला उघडला. तेल्हाऱ्याची बाई, माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. खिडकीत ती स्वतः उभी होती. म्हणाली, "झालं का, साहेब?"

मी अर्ज उलटा केला, सुलटा केला. आधी शपथपत्र पाहायचं असतं की आधी रजिस्टर, ते मला आठवेना. आठवेना म्हणजे, कधी माहीतच नव्हतं. जेबाचं टेबल आठ पावलांवर आहे. पाच वाजेपर्यंत मी तिकडे चार वेळा पाहिलं. शेवटी अर्ज घेऊन उठलो.